फाशी गेला, पण कशासाठी? तेल्हाऱ्याच्या पुतळ्यापर्यंतची फेरी

इंग्रजांनी फाशी दिली म्हणजे माणूस क्रांतिकारकच असणार, असा हल्ली समज आहे. पुरावा लागत नाही, फक्त पुतळा लागतो. तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात ‘विस्मृतीत गेलेल्या हुतात्म्या’चं स्मारक होत असल्याचा व्हिडिओ मला आला. हुतात्म्याचं नाव सखाराम. अमरावतीत वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावाला, सुधीरला, मी तो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘जुने निकाल जमवतो मी. याच्या खटल्याच्या निकालाची नक्कल माझ्याकडे आहे. तू ये, मग हसू.’ त्याच आठवड्यात मी पुण्याहून निघाले.

सकाळी बडनेऱ्याला उतरलं की अमरावतीत जायला ऑटो मिळतात. सीट भरल्याशिवाय ते हलत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा. सुधीर राजापेठेत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर राहतो. दह्या-चटणीतला गिला वडा खात आम्ही ती नक्कल वाचायला घेतली. खटला शंभरेक वर्षांपूर्वीचा. विहिरीवरून मळ्याला पाणी देणाऱ्या एका तरुण बाईला सखारामने एकटी गाठून कुऱ्हाडीने मारलं, तिच्या पायांतले चांदीचे वाळे काढून घेतले आणि कडब्याच्या गंजीत लपवले. सख्ख्या भावाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. अपील फेटाळलं गेलं, फाशी झाली. एवढाच त्याचा स्वातंत्र्यलढा, एका बाईच्या घोट्यापर्यंतचा. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोला आणि तिथून तेल्हारा. अकोल्यापर्यंतचा रस्ता झकास आहे, पुढचा पाठीचे मणके मोजून घेतो. अकोल्यातच जेवून घ्या. भाकरी आणि बेसनाच्या वड्यांचा झणझणीत पाटोडीरस्सा मिळाला तर सोडू नका. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापसाची वेचणी चालली होती.

गावात ग्रॅनाइटचा चौथरा तयार होता. वर पिळदार मिशांचा सखाराम, हातात मशाल. निकालात कुऱ्हाड आहे, पण कुऱ्हाड शोभली नसती. स्मारक समितीचे अध्यक्ष साहेबराव कडक इस्त्रीत समोर आले.

“पुन्याहून आल्या का? लिवा बरं चांगलं. पर्यटन वाढवून राहिलो आमी.”

“यांनी केलं काय नेमकं?”

“इंग्रजांले जेरीस आनलं त्यानं.”

“कुठे?”

“इथंच, आजूबाजूले.”

“आणि फाशी कोणाच्या खुनासाठी?”

“होती एक फितूर बाई.” त्यांनी फलकाकडे बोट केलं. तिथे तसंच कोरलं होतं. मग शेजारचा हिरवागार मळा दाखवत म्हणाले, “स्मारकाचा रस्ता यातून काढून राहिलो.”

मळा कोणाचा, ते मला तेल्हाऱ्याहून गावात आणणाऱ्या ऑटोवाल्याने सांगितलं. त्याच फितूर बाईच्या माहेरच्यांचा.

माझं हसू तिथे संपलं. मी मळ्यात गेले. सत्तरीच्या रुखमाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, शेजारी त्यांची नात वैष्णवी.

“माह्या सासऱ्याची आत्या होती थे,” रुखमाबाई म्हणाल्या. “मारली तं मारली, आता फितूर बी केली.”

“तुम्ही काही बोलत का नाही?”

“काय दाखवून बोलू, बाई? पुतळा त्याईचा, पाटी त्याईची.”

मी पिशवीतून सुधीरकडून आणलेली नक्कल काढली आणि इंग्रजीतला एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले. रुखमाबाईंचे हात थांबले होते. शेवटी त्यांनी विचारलं, “तिचं नाव हाय का यात?”

मी पानं उलटून पाहिली. पानोपानी ‘मयत’ एवढंच होतं. वैष्णवी आणि मी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. आरोपाच्या मजकुरात, एकदाच, सापडलं. गोदा.

“गोदा,” रुखमाबाई हळूच म्हणाल्या. “आमच्यात इहिरीवाली म्हनत. नाव कोनी घेतच नव्हतं.”

वैष्णवीने सगळ्या पानांचे फोटो काढले. मी नक्कलही तिच्याकडेच ठेवून आले.

पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. ग्रामसभेत तिने निकाल वाचून दाखवला. कोर्टच इंग्रजांचं होतं, ते खरं कशाला लिहील, असं साहेबराव म्हणाले. तेव्हा सखारामच्याच भावकीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “आमच्या घरी बी हेच सांगत होते. लाजेनं बोललो नाई.” मळ्यातला रस्ता रद्द झाला, फलकावरची ती ओळ घासून काढली. पुतळा मात्र आहे तिथेच आहे. आता कोणी तो हलवणार नाही, मिशांवर खर्च झालाय.

खिल्ली उडवायला गेले होते, आणि साहेबराव त्या लायकीचे आहेतच. पण राजापेठेत दोन तास तो निकाल वाचताना सखारामचं नाव आम्ही पन्नासदा घेतलं असेल. जिला मारलं तिचं नाव काय, हे सुधीरने विचारलं नाही, मीही नाही. ते आठवलं की त्या गिल्या वड्याची चव तोंडात कडू होते.

तिकडे गेलात तर पुतळ्यासाठी उतरू नका. मेथी घ्यायला उतरा, आणि गोदाचा मळा कोणता ते विचारा. आता सांगतात.