मेलेल्या माणसाचं भाषण

मालिकेत परवाच मेलेला नट आमच्या रिठदला नेत्रदानाचं सांगायला आला, तेव्हा अख्खं गाव भूत बघायला जमलं. त्याच्या मरणाच्या दिवशी आमच्या गल्लीत चूल पेटली नव्हती, म्हशींनीसुद्धा दूध चोरलं होतं. नाटकात कमावलेला त्याचा आवाज असा, की माईक नसता तरी वाशीमला ऐकू गेला असता. पण दर वाक्यानंतर तो डावीकडे मान वळवून थांबायचा. तिथं कॅमेरा नव्हता, माझी बकरी होती.

समोरच्या म्हातारीनं विचारलं, "भाऊ, तुमी मेले तवा डोये देल्ले काय? आमी पाह्यलं, तुमाले तसंच जाळलं."

तो गोंधळला. चष्मा पुसत पहिल्यांदाच हळू बोलला, "आजी, मला कोणी विचारलंच नाही."

हे मालिकेतलं बोलून राह्यला की खरं, मला काही कळेना. म्हातारी मात्र मागं बसलेल्या लेकाकडं वळली. "मले बी तवा कोणी इचारनार नाई. आत्ताच आइकून घे. माये डोये जाळू नोको."

लेकानं मान हलवली.

"तोंडानं सांग," ती म्हणाली, "ह्या मेलेल्या माणसासमोर सांग."