भावाच्या हातावरचं नाव

माझ्या थोरल्या भावाने सिंदेवाहीच्या जत्रेत हातावर आपलं नाव गोंदवून घेतलं होतं. आईच्या दोन्ही हातांवर हिरवं गोंदण होतंच, त्यामुळे घरात कोणी काही बोललं नाही. पुढे तो सैन्यभरतीच्या तयारीला लागला, तेव्हा सोबतच्या पोरांनी त्याला सांगितलं, की हात गोंदलेला दिसला की डॉक्टर परत पाठवतात.

तेव्हापासून तो धावून आला, की साबणाने हात घासत बसायचा. जेवताना बाही खाली ओढायचा. भरती जवळ आली, आणि एका सकाळी नाव जाळून काढायला त्याने त्यावर बिब्बा लावला. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, कातडीवर फोड आले.

"काऊन लावला रे बिब्बा? माह्या हातावर नाई का गोंदण?" आई म्हणाली.

"तुले कुठी फौजेत जायचं हाय," तो म्हणाला.

मी खोबरेल तेल लावत होते. हातच गेला तर काय, एवढंच माझ्या मनात येत होतं.

तो तशाच हाताला पट्टी बांधून गेला. धावण्यात पास झाला. तपासणीत डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, "नाव चाललं असतं. ही जखम चालत नाही. बरी झाली की पुढच्या भरतीला ये."

घरी येऊन त्याने हे मान खाली घालून सांगितलं.

मग पुढची भरती येईपर्यंत आई रोज त्याचा हात उजेडात धरून पाहायची. त्या खेपेला तो निवडला गेला. डाग मात्र राहिला, आणि नावातली दोन अक्षरंही.