अक्षरं कोणत्या बंदरातून मागवायची

माझे वडील बांद्याच्या एका छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवत होते. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, जत्रेतल्या दशावताराची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. लोकांना जे काही छापून हवं असे ते त्यांच्या बोटांखालून गेलं. स्वतःचं मात्र एक अक्षर त्यांनी कधी छापलं नाही. ते गेल्यावर ट्रंकेत त्यांची एक वही सापडली. तिच्यात गिऱ्हाइकांच्या तऱ्हा लिहून ठेवल्या होत्या. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून बावीस नावं पाहिजेत आणि सगळी पहिल्या ओळीत पाहिजेत, असं म्हणून दिवसभर बाकावर बसून राहिलेला एक. छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा महिन्याने परत आणून 'मुलगी बदलली, तेवढं नाव बदलून द्या, बाकी मजकूर चांगला आहे' म्हणणारा दुसरा. बाबा घरात फार बोलत नसत. त्यामुळे हे सगळं त्यांना इतकं मजेचं वाटत होतं, हे मला त्या वहीतून कळलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी या वहीची छापील पुस्तिका घरच्यांच्या हातात द्यायची असं मी ठरवलं. तेव्हा श्राद्धाला सहा आठवडे होते.

बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून मी नमुन्याची दोन पानं करून आणली. जोडाक्षरं मोडली होती आणि ओळींमध्ये जागोजाग भोकं पडली होती. बाबांच्या हातात कुणाचीही लग्नपत्रिका आली की ते आधी ती डोळ्यांजवळ आडवी धरून ओळ सरळ आहे का ते बघत आणि मग वधूवर कोण ते वाचत. त्यांची वही अशा भोकांत बसवायला माझं मन होईना. मी गावातल्या ग्रंथालयात काम करते. कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात गणिताची प्राध्यापिका आहे, तिला मी पत्र लिहिलं. तिने एक सीडी आणि चार पानांचं पत्र पाठवलं. पुस्तकं जुळवायची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, ती जुन्या कंपोझिटरसारखा ओळीतल्या प्रत्येक जागेचा विचार करते, असं तिचं म्हणणं होतं. सीडीवर फक्त सांगाडा होता. देवनागरी अक्षरं आणि बाकीचे सुटे भाग इंटरनेटवरून आणायचे होते. त्यासाठी सोबत एक छोटा प्रोग्रॅम होता. काळ्या खिडकीत त्याला हुकूम लिहून द्यायचा, मग तो जगातल्या कुठल्या तरी भांडारातून हवा तो भाग आणून जागच्या जागी बसवतो.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आमच्याकडे ग्रंथालयाने मोडीत काढलेला एक संगणक होता आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट. ते चालू असलं की फोन अडकलेला राही, आणि कुणी फोन उचलला की ते तुटे.

पहिल्या दिवशी मी हुकूम लिहायला बसले तेवढ्यात काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. शेजारच्या घरात राहतात. तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. सकाळची पेज झाली की ते आमच्याकडे येऊन बसत.

"गो बाय, असां कसां सुरू करतंस? गाऱ्हाणां नको?"

"काका, ह्यो कम्प्युटर आसा."

"म्हणानच. इंजिनाक नारळ दिल्याबिगर मी कधी बोट हलूक दिलंय नाय."

स्वयंपाक्याने बोट कशी अडवली असेल, हे मी विचारलं नाही. काकांनी संगणकापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि देवळात घालतात त्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान बापाशीच्या नावान काम काढलेला आसा. परमुलखातसून अक्षरां येवची आसत. वाटेत कोणी नड घातली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तारेत, खांबार, सायबाच्या मशिनीत काय वाकडां आसात तां सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी कळ दाबली. पडद्यावर प्रश्न आला, पुढे जायचं का, हो की नाही.

"बघ, तोसुदिक इचारता," काका म्हणाले. मी होकाराचं एक अक्षर लिहिलं. "नुसतां व्हय? म्हाराजा खंय?"

"एकच अक्षर घेता तो, काका."

"मगे तेका रीत नाय."

पुढे त्याने भांडारांची यादी दाखवली. एकच माल वेगवेगळ्या देशांत ठेवलेला असतो, कुठून आणायचा ते आपण सांगायचं. मैत्रिणीने पत्रात लिहिलं होतं, 'जवळचा कुठलाही निवड.' मी मोठ्याने वाचू लागले. यादी इंग्रजी वर्णक्रमाने होती.

"ऑस्ट्रेलिया."

"नको. थंय आमचां लोणचां फेकून दिल्यानी."

"ऑस्ट्रिया."

"थंय बंदर खंय आसा? माल पाठवतले कसो?"

"बेल्जियम."

"तीन दिवस पाऊस. गोदीतसून भायर सोडूक नाय."

"ब्राझील."

काका खुर्चीत सरळ झाले. "रव, रव. ब्राझील घे."

"लांब आसा, काका."

"लांब आसांदे. माशाच्या कालवणात नारळाचो रस घालतत थंय. मी सोता खाल्लंय. माशात नारळ घालणारो माणूस फसवुचो नाय."

आई दारात येऊन म्हणाली, "मगे आमच्या वाडीत कोणच फसवुचो नाय असां म्हणा." काकांनी ते ऐकलं नाही. मी ब्राझील निवडला. मला मैत्रिणीचं वाक्य आठवत होतं. पण गेल्या वर्षभरात काका कशासाठी इतके सरळ बसले नव्हते.

ब्राझीलहून माल येऊ लागला, पण शिकारीला निघालेला बगळा पाय उचलतो त्या गतीने. दर थोड्या वेळाने संबंध तुटे. पुन्हा जोडावा, पुन्हा तुटावा. शिवाय तो प्रोग्रॅम आडून बसे. अमुक भाग बसवायचा तर आधी तमुक हवा, तमुकसाठी आणखी तिघे हवेत, आणि त्या तिघांतला एक दुसऱ्यावर अवलंबून. मी वैतागून पत्राची पानं उलटू लागले. काकांना मात्र त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

"बरोबर आसा. मानकऱ्यांका नारळ दिल्याबिगर पालखी उचालता कोण? नावां सांग."

त्यांनी कॅलेंडराच्या पाठीवर सगळ्या भागांची नावं मानाच्या क्रमाने लिहून घेतली. इंग्रजी तुटक नावं ती, पण काकांनी त्यांना घरं वाटून दिली. एक पाटलाकडचा, एक गुरवाकडचा. सगळ्यांत उशिरा येणाऱ्या देवनागरी अक्षरांच्या मोठ्या संचाचं नाव त्यांनी, जत्रेला उशिरा पोचणाऱ्या चाकरमान्यांवरून, 'मुंबयवाले' ठेवलं. एखादा भाग आला की खूण करून म्हणत, "हेचो मान झालो. आता दुसऱ्याक बोलाव." त्या दोन दिवसांत मला जे मैत्रिणीच्या पत्रातून कळलं नव्हतं ते कॅलेंडराच्या पाठीवरून कळलं. आलेला भाग जात नाही, उरलेलेच मागायचे असतात. म्हणजे चिकाटी धरली की काम होणार होतं.

तिसऱ्या दिवशी फक्त मुंबयवाले उरले होते. तेही बरेचसे आले होते. काका पडद्याकडे बघत बोटांनी आकडे मोजत होते. इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि बाईमाणसाचा आक्रोश ऐकू आला.

"वयनीऽ! माजे वयनीऽ! माका एक शब्द सांगूक नाय गोऽ!"

आई हातातली पळी घेऊन दार उघडायला गेली. दारात आत्या उभी होती, इन्सुलीहून आलेली. तोंडाला पदर, मागे रिक्षावाला नारळांची पिशवी धरून.

"काय सांगूक नाय तां?" आईने विचारलं.

आत्याचा सूर मध्येच थांबला. "तू जित्ती आसस?"

"आता तरी आसंय. भायर कित्याक रडतंस? भितर ये."

झालं होतं असं. आत्या तीन दिवस फोन लावत होती आणि तो सारखा अडकलेला लागत होता. बाबा गेले तेव्हाही आमचा फोन असाच दिवसभर अडकलेला होता. म्हणून तिने दोडामार्गच्या धाकट्या आत्याला विचारलं. तिलाही आमचा फोन लागेना. मग दोघींनी मिळून आईला वर पाठवून दिलं.

"तिकडे सगळी निघाली असतीत गो," आत्याला एकदम आठवलं. "तेंका आदी कळवूक व्हयां." आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत तिने फोन उचलला.

काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ उमटली आणि सगळं थांबलं. काकांनी कॅलेंडर गुडघ्यावर ठेवलं. "मुंबयवाले परत गेले," ते म्हणाले.

दोडामार्गची माणसं खरंच निघाली होती. तासाभरात जीप आली. अकरा माणसं उतरली. त्यांतले चार जण गोव्यातल्या कामावर खाडा करून आले होते. आई जिवंत असल्याचं कळल्यावर आनंद झालाच, पण आपण फसलो असंही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. धाकट्या आत्याचे यजमान तर बाहेर पायरीवरच बसले. आईने भाताचं मोठं भांडं चुलीवर चढवलं. कुणीतरी म्हणालं, वर्षश्राद्धाची तालीम झाली.

जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना हकीकत सांगितली. ब्राझील, मानकरी, मुंबयवाले, आत्याने फोन उचलला ते. आई हात पुसत ऐकत होती.

"इतक्या लांबसून कित्याक मागवतंस?" ती मला म्हणाली. "आपल्या देशात नाय काय ती अक्षरां?"

मी यादी पुन्हा उघडली आणि ब्राझीलच्या खाली गेले. कॅनडा, चीन, फ्रान्स, जर्मनी. त्यांच्या खाली भारत होता.

काका पडद्याकडे वाकले.

"आसा तर माका आदी सांगूक काय झालां?" काका म्हणाले.

"तुम्ही ब्राझीलाच्या फुडे वाचूकच दिलात नाय."

"पण आपले लोक वेळेर दितीत हेची हमी कोण घेता?" हमी कुणी घेतली नाही. काकांनी नवा नारळ मागितला. या वेळी गाऱ्हाण्याला जीपमधले अकरा जण, मोठी आत्या आणि आई होती. 'व्हय म्हाराजा'चा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. टेलिफोनवर उशी ठेवून मोठ्या आत्याला त्याच्या पुढ्यात बसवलं, गुन्हेगारालाच राखण दिली. सगळ्यांचा चहा होईपर्यंत मुंबयवाले हजर झाले. देवनागरी जागेवर बसली. मी वहीतला पहिला परिच्छेद लिहून छापला. ओळी सरळ होत्या आणि कुठेही भोक नव्हतं. कागद या हातातून त्या हातात फिरला. तो काय म्हणतो ते कुणी वाचलं नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली.

पुढचे तीन आठवडे मी रोज चार-चार पानं जुळवत गेले. सावंतवाडीत पन्नास प्रती छापून घेतल्या. आदल्या दिवशी दुपारी त्या एसटीने आल्या आणि वर्षश्राद्धाच्या पंगती उठल्यावर मी त्या वाटल्या.

ओटीवर माणसं वाचत बसली. मध्येच कुणी हसे, शेजाऱ्याला वाचून दाखवी. काका खांबाला टेकून एक-एक पान उलटत होते. ते पंचविसाव्या पानावर थांबले. तिथे काय आहे ते मला माहीत होतं, मीच जुळवलं होतं. बाबांनी लिहिलं होतं: 'गिऱ्हाईक बोटीवर असते. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर गणपतीशेजारी बोटीचे चित्र पाहिजे म्हणते. आपल्याकडे बोटीचा ठसा नाही, मोरांची जोडी आहे. आठ खेपा घातल्या. शेवटी मोर घातले आणि त्यांच्याखाली लाटा. मोर पोहताना दिसतात. गिऱ्हाईक समाधानी. सख्खा भाऊ असल्यामुळे गप्प बसलो.'

काकांनी ते पुन्हा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं.

"समाधानी? कोण समाधानी होतो रे? तीन दिवस तुझ्याशी बोललंय नाय मी!"

त्यांनी पुस्तिकेतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"लाटा मी सांगलंय, तां खरां. मोर तुया घातलंस. माका इचारूकसुदिक नाय!"

"भावजी, ती पत्रिका माझ्या पेटीत आसा. दाखवू?" आई म्हणाली.

"आसांदे, वयनी. पत्रिकेत मोर दिसतले. कोणी घातले तां दिसूचा नाय." मग ते माझ्याकडे वळले. "गो बाय, ह्या पुस्तकात माजां एक पान घाल. उत्तराचां. अक्षरां आसत मा घरात?"

"आसत, काका. सगळी आसत."

ते उठून आत आले, संगणकापुढची दुसरी खुर्ची ओढून बसले. मी यंत्र सुरू केलं आणि कोरं पान उघडलं.

"लिव," ते म्हणाले. "पयली गोष्ट. मोर."

मी 'मोर' लिहिलं. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पडद्यावरची ती दोन अक्षरं वाचली.

"मोर बरे होते," ते म्हणाले. "पण तां लिवू नको."