भोंगाकाकांचं गुप्त मतदान

भोंगाकाकांना मनातल्या मनात विचार करता येत नसे. कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेले होते, आणि आपला आवाज डोक्यातच राहिला की तोंडावाटे बाहेर पडला, हे कळायची सोयही कानांबरोबरच गेली होती. लग्नाच्या पंगतीत ते शांत चेहऱ्याने वरण ओरपत आणि अख्ख्या नवागाम वस्तीला ऐकू जाई, "दाय पानीसारखी शे, पन फुकटनी शे!" वधूपिता लाल, आणि आम्ही हसू लपवायला ताटात डोकं घातलेले.

अशा माणसासमोर निवडणूक उभी राहिली. मुकादमाने कारखान्यात बजावलं होतं, मत आपल्याच पक्षाला, नाहीतर दुसरं काम शोधा. वर तोच मतदान केंद्रात त्या पक्षाचा एजंट म्हणून बसणार होता. काका माझ्या खोलीत आले, दार लावलं, आणि कुजबुजतोय असं समजून गरजले, "भाऊ, मनं मत मनंच शे. पन तोंड मनं नही!" मी झडप घालून त्यांच्या तोंडावर उशी दाबली. खिडकीबाहेर भांडी घासायचा आवाज एकदम थांबला होता.

मतदानाला काका तोंडात पाणी धरून आले. गाल फुगलेले, डोळे भेदरलेले. शाळेच्या फाटकावर स्वयंसेवकाला ते दिव्यांग असल्याचं कळलं मात्र, त्याने धडधाकट पायांच्या काकांना व्हीलचेअरवर बसवलं. नको म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं! निघाली स्वारी. मागून मी.

आत मुकादम बसलेलाच होता. काका खुर्चीतून उठून पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. 'टीं' झालं. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. काका मात्र येईनात. भिंतीवर सूचना होती, आवाज येईपर्यंत बटण सोडू नये. काका इमानाने दाबून उभे!

"काका, थई गयुं!" अधिकारी गुजरातीत ओरडले, झालं म्हणून. कोणाला ओरडता, साहेब?

मुकादम उठला. "मी बघतो ना. आमचाच माणूस आहे."

आणखी दोन पावलं, आणि काकांचं बोट कुठल्या बटणावर आहे ते त्याला दिसणार होतं. मी भिंतीवरचा स्विच दाबून ट्यूबलाइट घालवली. अंधारलं तसे काका दचकून वळले. समोर मुकादम. त्या धक्क्याने तोंडातलं पाणी गिळलं गेलं. दोन्ही तळवे तोंडावर दाबून काका जे पळाले, की स्वयंसेवक रिकामी व्हीलचेअर घेऊन त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावला.

निकालानंतरही त्यांची भीती गेली नाही. "रातले बी तोंडले रुमाल बांधीसन झोपतस, भाऊ," काकू सांगायच्या. हसायच्या, पण दार लावून घ्यायच्या.

शेवटच्या तापात काका भ्रमिष्टासारखे बोलत सुटले. तुटलेला धागा, पोरीचं लग्न, रात्रपाळीचा चहा. मुकादम सफरचंदं घेऊन भेटायला आला. काकांचा मुलगा आता त्याच्याच हाताखाली होता. मुकादम खाटेशी टेकला आणि काका खणखणीत आवाजात म्हणाले, "त्या दिनले मी बटन..."

काकूंनी पदराने त्यांचे ओठ पुसायला घेतले, आणि मुकादम उठून जाईपर्यंत त्या पुसतच राहिल्या.