खंदकातलं जनावर

डिचोलीकडच्या आमच्या गावातली खाण बंद पडली, तसे तिथले पंपही थांबले. खंदकातलं पाणी कोणी उपसेना, ते साठतच गेलं. हिरवंगार पाणी, वारा सुटला तरी न हलणारं. काठ लाल मातीचा आणि उभा. पाय घसरला तर धरायला गवताची काडी नाही. आणि आमची नात सुट्टीत दुपार झाली की मैत्रिणीला घेऊन तिकडेच.

सून माझ्याकडे आली. "मांय, मारून जालें, कोंडून जालें. आतां तुमीच कितें तरी सांगा. तुमचें आयकता ती."

मला चित्रं काढायची हौस. कुणी शिकवलेलं नाही हां, रांगोळी काढता काढता हात वळला इतकंच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी एक जनावर काढलं. शिंगं, पंख, लांबलचक जीभ. म्हटलं, हे राहतं त्या खंदकात.

नात पोट धरून हसली. "आजये, पाण्यांत शिंगां कित्याक? आनी पांख भिजले म्हणजे? हें पयल्याच दिसा बुडून मेलें आसतलें!"

आता मला चेव चढला. माझं माहेर नदीकाठचं. खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती. पौषातल्या अमावास्येला तिथे बांधावर चिखलाची सुसर करून पुजतात. मानगा म्हणतात तिला. बापाच्या शेजारी बसून मीही चिखल थापलेला, त्यामुळे सुसरीचं अंग माझ्या बोटांना ठाऊक. शिंगं-पंख खोडले. शेपूट बाजूंनी चपटं केलं. डोळे नि नाकपुड्या डोक्याच्या वर नेल्या, म्हणजे बाकी सगळं धूड पाण्याखाली.

"पांय बारीक जाले," नात म्हणाली. आता ती हसत नव्हती. "असल्या उब्या काठार चडटलें कशें?"

मग घोरपडीचे पाय लावले, नख्या आत वळलेल्या. बोटांच्या मधे बदकासारखं कातडं ताणलं. सून शेजारी बांगडे साफ करत बसली होती, तिनं मान वर केली. "मांय, आंग सगळें काळें कित्याक? हो बांगडो पळयात. पाठ पाण्याच्या रंगाची, पोट उजवाडाच्या. म्हणून तो पाण्यांत दिसना."

खरंच की! काळा रंग काढला. पाठीवर खंदकाचा हिरवा चढवला, कडेला लाल मातीचा हात फिरवला. हळूहळू ते जनावर कागदावरून नाहीसंच होत गेलं. उरले फक्त दोन डोळे. सून म्हणाली, "म्हाकाच भंय दिसता गे मांय." आम्ही दोघी खूश.

नातीची नजर मात्र कागदावरून हलेना. "तें खाता कितें?"

"काय खाणार? त्या पाण्यात मासळी कुठे आहे? उपाशीच असतं," मी म्हटलं. उपाशी म्हटलं की जास्त घाबरेल, असा माझा हिशेब.

"आनी तुमच्या मानग्याक कितें दितात?"

"चिखलाच्या पोटात अंडं ठेवतात. मग तो बांध राखतो, माणसाच्या वाटेला जात नाही."

त्यानंतर पोरगी दुपारची घरात आडवी झालेली दिसू लागली, मग आमचाही डोळा लागायचा. सुनेनं देवाला नारळ ठेवला. फक्त खुराड्यातली अंडी कमी भरायला लागली. मी म्हटलं, साप येत असेल.

मग एका दुपारी खुराडंही रिकामं आणि नातीचं अंथरूणही. मी तशीच निघाले. खंदकाच्या वर दोघींच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. मैत्रीण वरच बसली होती, गुडघ्यात तोंड घालून. आणि आमची पोर खाली, पाण्यापासून हातभर, एका हातात अंडं, दुसऱ्या हाताची बोटं मातीत रुतवून.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर दचकून वळली असती. जीभ चावली नि हळूच म्हटलं, "बाये, डोळे कशे आसात गे त्याचे? मी चुकीचे काढलेत वाटतं. वर ये, सांग मला."

तिनं अंडं पाण्याच्या कडेला ठेवलं आणि मागं न बघता, रांगत रांगत वर आली. मी तिचा दंड धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

घरी सगळं खरं सांगितलं. असं जनावर नाही, मीच काढलं, तुझ्यासमोर काढलं. तिथे फक्त पाणी आहे, तेच वाईट आहे.

तिनं माझा हात कुरवाळला. लहान मुलाला समजावावं तशी म्हणाली, "आमी भियेवंचीं न्हय म्हणून तूं अशें सांगता. तुवेंच काडलें न्हय, तें दिसना अशें? फाल्यां ताका कोण दितलो? उपाशी रावलें जाल्यार वयर येतलें."

उद्या काही द्यायला नको, ते वर यायचं नाही, असं पुष्कळ समजावलं. सुनेनं चित्र चुलीत घातलं. त्यानं काय होणार, चित्र तिच्या डोक्यात होतं. शेवटी मीच कबूल केलं, की अंडं रोज मी नेईन, तू घरातून हलायचं नाही.

आता रोज दुपारी जाते. ती दारात उभी राहून माझ्या हातात अंडं आहे ना ते बघते. मी रिकाम्या हातांनी परतल्याशिवाय ती जेवत नाही. वरूनच फेकून द्यावं म्हटलं, तर म्हणते, फेकलेलं ते खात नाही, ठेवावं लागतं. आणि खोटं बोलले तर माझ्या पायांना लाल माती नाही हे तिला लगेच कळतं.

परवा ठेवायला वाकले नि पायाखालचा काठ सुटला. ढेकळं पाण्यात गेली, आवाजसुद्धा झाला नाही. मी पालथी पडून राहिले, मग सरपटत वर आले. घरी बोलले नाही. बोलले तर सून मला बाहेर सोडायची नाही, आणि मग अंडं घेऊन कोण जाईल ते मला ठाऊक आहे.