बॅग कुणी भरली

माझ्या अब्बांकडे बंदुकीचं लायसन्स होतं आणि माझ्याकडे साधं गाडीचंही नव्हतं. म्हणजे इंडियातलं होतं. रत्नागिरीच्या घाटवळणांवर मी भावाची गाडी चालवलेली, तीही पावसाळ्यात. पण इथल्या, म्हणजे अमिरातीतल्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवरच्या बाईने ते कार्ड उलटंसुलटं करून परत सरकवलं. "मॅडम, इंडिया का लायसन्स इधर नहीं चलेगा." मग सुरू झालं. डोळे तपासा, थिअरीच्या वर्गाला बसा, कॉम्प्युटरवर परीक्षा द्या, पार्किंग करून दाखवा, स्कूलची आपली टेस्ट द्या आणि शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून रस्त्यावर निघा. त्या शेवटच्या टेस्टमध्ये मी पाच वेळा नापास झाले. सात हजार दिरहम गेले, म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये. हा गुणाकार मी एकदाच केला आणि मग सोडून दिला.

गाडी मला हौसेसाठी नको होती. आम्ही अजमानला राहतो, कारण तिथलं भाडं परवडतं. नवरा रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात, तिकडेच राहतो आणि शुक्रवारी घरी येतो. माझी नोकरी दुबईत, रास अल खोरच्या फळबाजारात, एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात. जायला दोन तास, यायला दोन तास, चार बायका आणि एक ड्रायव्हर अशा भाड्याच्या गाडीत कोंबून. मुलीला ताप आला, शाळेतून फोन आला, की मी नुसती तडफडायची.

त्या थंडीत अब्बा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय शहात्तर, साखरेचा आजार, पण पाठ ताठ. पाचव्यांदा नापास होऊन मी घरी आले आणि पर्स सोफ्यावर आपटली, तेव्हा ते हसले.

"पाच वेळा? गे बाय, मला बंदूक दिली तेव्हा एक बार काढून दाखव, असंसुद्धा कुणी म्हणालं नाही."

मी तडकलेच. तडकायला मला तसं निमित्त लागतच नाही. "म्हणजे माणूस मारायचं हत्यार नुसत्या कागदावर मिळतं, आणि भाजी आणायला गाडी काढायची तर सहा परीक्षा! हा कुठला न्याय?"

अब्बांची बंदूक शेतीसंरक्षणाची, एकनळी. आंब्याच्या बागेत वानरं आणि डुकरं येतात, म्हणून हवेत बार काढायला. तिचा परवाना म्हणजे एक छोटं पुस्तक. तलाठ्याने जमिनीचा दाखला दिला, पोलिसाने गावात येऊन माणूस कसा आहे ते विचारलं, चहा घेतला, झालं. बंदूक धरता येते का, हे कुणीच पाहिलं नाही. मात्र त्या पुस्तकात अटी होत्या. काडतुसं किती ठेवायची ते लिहिलेलं, आणि बंदूक आपल्या हद्दीबाहेर न्यायची नाही, हेही लिहिलेलं. निवडणूक आली की अब्बा सगळ्यांच्या आधी ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे. काडतुसं दर जुम्म्याला मोजायचे. आम्हां भावंडांना तर बंदुकीच्या कपाटाला हात लावायचीही सोय नव्हती.

"माझी परीक्षा कुणी घेतली नाही," अब्बा म्हणाले, "म्हणून ती मला रोज द्यावी लागते. तुझं बरं आहे, एकदा पास झालीस की खलास."

'खलास' आपल्याकडेही म्हणतात, पण असं उठसूट म्हणायला ते इथे येऊन शिकले होते. मी चिडलेली होते तरी हसले.

आता एका काडतुसाची गोष्ट. आमच्याकडे बार काढल्यावर उरलेलं रिकामं काडतूस कुणी फेकत नाही. लाल नळकांडं असतं, खाली पितळेची टोपी. त्यात कुणी सुया ठेवतं, कुणी भोपळ्याचं बी. अब्बा एकात लवंगा ठेवायचे, दाढ दुखते म्हणून, आणि वरून लाकडाचं बूच. माझ्या लहानपणापासून ते त्यांच्या कोटाच्या खिशात असायचं. यावेळी भावजयीने त्यांची मोठी बॅग भरताना तो कोट घडी करून आत घातला आणि खिसा तपासला नाही. अजमानला आल्यावर दुसऱ्या दिवशी अब्बांच्या हाताला ते लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"बाय, हे आत्ताच कचऱ्यात टाक. परक्या मुलखात जवळ नको."

मी हो म्हटलं. बूच काढून वास घेतला. गावच्या घराचा वास आला, आणि मला ते टाकवेना. स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवून दिलं. एवढंच. यात वाईट हेतू तिळभर नव्हता, आणि हे मी आजवर स्वतःला शंभरदा तरी सांगितलं असेल.

अब्बांच्या परतीच्या सकाळी नुसती घाई. भावाच्या मुलांची चॉकलेटं, दुधाची पावडर, खजूर. हँडबॅग मी भरत होते, अब्बा नमाजाला बसले होते. विमानात दाढ दुखली तर, असं मनात आलं आणि मी लवंगा बाजूच्या कप्प्यात टाकल्या. खरंच सांगते, मला काडतूस दिसलंच नाही. मला लवंगा दिसल्या.

अब्बांना विमानतळाच्या आत सोडून मी बाहेर टॅक्सी शोधत होते तेव्हा फोन आला. इंग्रजीतून, शांतपणे. "यू आर द डॉटर? प्लीज कम बॅक." मला वाटलं साखर उतरली, चक्कर आली. एका छोट्या खोलीत नेलं. अब्बा खुर्चीवर बसले होते, पायात नुसते मोजे. टेबलावर हँडबॅग उघडी आणि तिच्याशेजारी पांढऱ्या कागदावर ते लाल नळकांडं. बूच वेगळं, लवंगांची वेगळी ढिगली केलेली.

अधिकारी तरुण होता, वागायला अदबीचा. उर्दू बरी बोलत होता. त्याने मला आधी कायदा सांगितला. इथे बंदूकच काय, तिची गोळी किंवा सुटा भागही परवान्याशिवाय जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. मी घाईघाईने म्हटलं, "सर, अब्बा के पास लायसन्स है, इंडिया का, गव्हर्नमेंट का." मी फोन केला आणि भावाने लगेच परवान्याच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवले. अधिकाऱ्याने फोन हातात घेऊन एकेक पान नीट पाहिलं.

"सिस्टर, इंडिया का लायसन्स इधर नहीं चलता," तो म्हणाला.

ते वाक्य मी आधी ऐकलं होतं, तेव्हा नुसता राग आला होता. आता पाचावर धारण बसली.

मग त्याने फॉर्म पुढे ओढला आणि अब्बांकडे वळून विचारलं, "बाबा, ये बॅग किसने भरा?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. त्या नजरेत राग नव्हता, प्रश्नही नव्हता. माझा व्हिसा, मुलीची शाळा, नवऱ्याची नोकरी, सगळं त्यांनी तेवढ्यात मांडून पाहिलं असावं.

"मैंने," ते म्हणाले. "अपने हाथ से. बुड्ढा आदमी हूँ, भूल गया."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. मला भीती वाटली. मी मान हलवली. हो, त्यांनीच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. तो चोर मी होते, आणि माझ्याच डोळ्यांसमोर त्यांनी अब्बांचा अंगठा शाईत बुडवला.

दोन रात्री अब्बा कोठडीत होते. दिवसभर मी ठाण्याच्या बाहेरच्या खोलीत बसून असायची, साखरेच्या गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून. गोळ्या आत नेऊन देत. कुणी अपमान केला नाही, कुणी आवाज चढवला नाही. कुणी ओरडलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. नवरा रास अल खैमाहून धावत आला, वकिलाला फोन केले. रात्री मुलीने विचारलं, "ममा, नाना इज नॉट अ बॅड मॅन, राइट?" मी म्हटलं, नाही गं. "देन व्हाय डोंट यू टेल देम?" ती बारा वर्षांची. मी तिच्यावर खेकसले, झोप म्हणून. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

नवऱ्याला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "आता बदलू नकोस. आता सांगितलंस तर दोघं अडकाल, अब्बा खोटं बोलले म्हणून त्यांचंही वाढेल." वकिलालाही त्याने 'समजा असं असतं तर' म्हणून विचारून पाहिलं, त्याचंही उत्तर तेच. शहाणपणाचा सल्ला होता. मला तो इतका सोयीचा होता की मी वाद घातला नाही, आणि वाद न घालण्याबद्दल मी प्रसिद्ध नाही.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा पासपोर्ट हमी म्हणून ठेवून घेऊन त्यांनी अब्बांना घरी सोडलं. त्यांचा पासपोर्ट केस संपेपर्यंत ठाण्यातच. काडतूस तपासणीला गेलं होतं. अब्बा घरी आले, आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि खिडकीपाशी बसले. पुढे ते रोज तिथेच बसत. फोन वाजला की दोघंही दचकायचो. मी भांड्यांच्या आवाजात बोलणं दडवत फिरायची. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी म्हणावं, तुला टाक म्हणून सांगितलं होतं ना? म्हणाले असते तर मी पाय धरले असते. ते म्हणालेच नाहीत.

याच दिवसांत माझी सहावी टेस्ट आली. मला जायचं नव्हतं. अब्बाच म्हणाले, "जा. घरी बसून काय होणार?" मी गेले. आधीच्या पाचही वेळी शेरा एकच होता, आजूबाजूला पाहत नाही. त्या दिवशी मी प्रत्येक आरशात पाहत होते, खांद्यावरून मागे पाहत होते, दिसेल त्या पोलीस गाडीवर डोळा ठेवून होते. परीक्षकाने कागदावर सही केली. "व्हेरी केअरफुल ड्रायव्हर," तो म्हणाला, "मबरूक." अभिनंदन झालं माझं. दोन तासांत कार्ड हातात आलं, त्यावर माझा फोटो, सुजलेल्या डोळ्यांचा. त्या कार्डासाठी मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि ते मला पर्समध्ये ठेवतानाही नकोसं वाटलं.

अकराव्या दिवशी फोन आला. काडतूस जुनं, वापरलेलं आणि रिकामं आहे, हेतू वाईट दिसत नाही, फाईल बंद. अब्बांचा पासपोर्ट परत देताना तोच तरुण अधिकारी अब्बांना म्हणाला, "खलास, बाबा. घर जाओ. दुआ करना." अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला मात्र ते त्या दिवशी दूरदूरच वाटत होते, किंवा मीच लांब उभी होते.

शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि अब्बांना विमानतळावर मीच नेलं. बॅग त्यांनी स्वतः भरली होती, एकेक कप्पा उलटा करून झटकून. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी धीर केला.

"अब्बा, त्या दिवशी मी सांगायला हवं होतं."

"समोर बघ."

"अब्बा, मी तुम्हाला..."

"बाय, ट्रक आहे बाजूला. समोर बघून चालव."

उतरताना त्यांनी माझा हात हातात घेतला, चांगली चालवतेस म्हणाले आणि आत गेले. काचेपलीकडे ते बूट काढायला वाकले तोवर मी पाहत राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा निघाले.

दोन महिन्यांनी, आंबे धरायच्या दिवसांत, भावाचा फोन आला. वानरांनी बागेत धुमाकूळ घातला होता. मी विचारलं, अब्बा बार काढत नाहीत का?

"बंदूक नाही आता," भाऊ म्हणाला. "जमा केली, परवानाही परत केला. मीच करायला लावलं. अगं, गावात भेटेल त्याला सांगत होते, मीच बॅगेत काडतूस विसरलो, वय झालं. मग मी म्हटलं, अब्बा, कुठे काय ठेवलं ते आठवत नसेल तर घरात बंदूक कशाला? पोरं आहेत. दुसऱ्या दिवशी स्वतः तेल लावून पुसली आणि ठाण्यात देऊन आले. अर्जात लिहिलंय, स्मरणशक्ती राहिली नाही."

पन्नास वर्षांत ज्यांचं एक काडतूस मोजणीत चुकलं नाही, त्यांनी ते लिहिलं होतं. मी फोन कानाला धरून उभी होते. आता तर ना पोलीस होता, ना व्हिसा. पलीकडे माझा सख्खा भाऊ होता.

"बरोबर केलं ना गं मी?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बरोबर केलंस."