एकच कण खाली सोडायचा होता

नगरच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमचे एक ज्येष्ठ सर पुण्यातल्या उजळणी वर्गाहून परतले ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. विजेच्या सापळ्यात धरलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, लेझरने थंड केले की जवळजवळ जागच्या जागी राहतात.

"त्यातला एकच, हवा तेव्हा, हवा तिथे सोडता आला तर?" सर मला स्टाफरूममध्ये म्हणाले. "एरवी आयन बाहेर पडतात ते सिनेमा सुटल्यासारखे."

तसला लेझर आमच्याकडे नव्हता. सर म्हणाले, आयन नाही तर धुळीचा कण धरू, तत्त्व तेच.

तांब्याच्या तारेचं कडं मी वाकवलं. त्याला जास्त दाबाची वीज द्यायला निऑनच्या पाट्या करणाऱ्याकडून सरांनी ट्रान्सफॉर्मर आणला. कड्यात रांगोळी टाकली, ती सरळ खाली बसली. अंगाला लावायच्या पावडरीचे गोळे झाले. शेवटी प्रयोगशाळेच्या कपाटात लायकोपोडियमची, म्हणजे एका वनस्पतीच्या बीजाणूंची, हलकी भुकटी सापडली. तिचे कण छोट्या लेझरच्या उजेडात लाल ठिपक्यांसारखे अधांतरी थांबले. आम्ही दोघं बघत बसलो.

पंखा लावला की ते उडून जात. एप्रिलच्या उकाड्यात किती दिवस पंखा बंद ठेवणार? मी घरून लोणच्याची काचेची बरणी आणून सगळ्यावर उपडी घातली.

त्याच सुमारास आई डोळे दाखवायला जामखेडहून आली. परत जायच्या आधी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं.

"ही माझी बरनी हाय न्हवं?" तिने आधी तेच विचारलं. मग वाकून आत पाहिलं. "कशाला टांगलंय हे?"

"कशालाच नाही," सर म्हणाले. "विजेने धरलंय. आता यातला एकच खाली सोडायचाय."

"एकासाठी एवढा पसारा?"

"गर्दी सोडायला काही लागत नाही, बाई. एकालाच सोडायचं तर लागतो."

आईला ते पटलं असावं. ती स्टुलावर बसली.

सरांनी कड्यातल्या विजेचा दाब हळूहळू कमी केला तसे जड कण गळून गेले आणि एकच उरला. मी काचपट्टी खाली सरकवली. तिच्यावर शाईची फुली होती. कण खाली ओढायला कड्याखालच्या धातूच्या तबकडीला बॅटरी जोडणार तोच वीज गेली आणि कण दिसेनासा झाला. वीज आल्यावर सगळं पहिल्यापासून मांडलं, तर घाईत माझाच बरणीला धक्का लागून कण पडला. आईची दुपारची एसटी चुकली. "संध्याकाळच्या गाडीनं जाईन," म्हणाली, पण उठली नाही.

तिसऱ्या खेपेला मी बॅटरी जोडली. लाल ठिपका खाली सरकला आणि नाहीसा झाला. सरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, बराच वेळ पाहिलं आणि बाजूला होऊन मला जागा दिली. फुलीच्या जरा डावीकडे एकच कण पडला होता.

"फुलीवर न्हाई पडला व्हय?" आईने विचारलं.

"शेजारी पडला," सर म्हणाले, आणि शिपायाला तीन चहा सांगितले.

जामखेडला गेल्यावर आईने आळीभर सांगितलं, की लेक कॉलेजात धूळ पकडते आणि परत सोडून देते, लई बारीक काम हाय.